गायतोंडेंचं चित्र ६७ कोटींना काहून गेलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७.०८ कोटी रुपयांना गेलं. गायतोंडेंचा जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. त्यामुळे आपल्याकडं या बातमीची चर्चा जरा जास्तच झाली, आणि माझ्या क्लासच्या दाराशी पालक थांबू लागले. सव्वीस वर्षं मी धरमपेठेत मुलांना चित्रकला शिकवतो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेतो. पोराला घ्यायला आलेले आई-बाबा मोबाइल पुढं करतात आणि विचारतात, "सर, यात आहे काय?" दारात उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथं घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. त्या गोष्टी घाईत सांगण्यासारख्या नाहीत.

एवढे पैसे खरंच कुणी दिले, की नुसता आकडा आहे?

खरंच दिले. बोली ज्या आकड्यावर थांबते ती हातोड्याची किंमत. तिच्यावर लिलाव करणाऱ्या संस्थेचं कमिशन चढतं, सहसा वीस टक्के किंवा त्याहून थोडं जास्त. बातमीत बहुधा कमिशन धरूनचा आकडा येतो. विकणाऱ्याच्या हाती त्यातलं कमीच पडतं.

माझं पोरगंही असे रंगाचे डाग पाडतं. मग फरक काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो आणि मी तो कधीच झटकून टाकत नाही. दर वर्षी पहिली-दुसरीतल्या पोरांची शेकडो चित्रं माझ्या हाताखालून जातात. त्यातली काही इतकी देखणी असतात की मी परवानगी घेऊन ठेवून घेतो. मुलांचा हात मोकळा असतो, रंगाला ती घाबरत नाहीत. मोठे मोठे चित्रकार त्यासाठी झुरतात.

पण त्याच पोराला दुसऱ्या दिवशी म्हणून बघा, "असंच अजून एक काढ, आणि यातलं काय ठेवायचं, काय पुसायचं ते तूच ठरव." तिथं ते अडतं. कालचं चित्र त्याच्या हातून घडून गेलेलं असतं. सुंदर काय झालं ते आईनं ओळखलं, फ्रेम बाबांनी केली.

गायतोंडेंचं उलटं होतं. ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले. माणसं, आकृती सगळं काढून झालं होतं. भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला, पॉल क्ले या चित्रकाराच्या चित्रांतून शिकले आणि मग एकेक गोष्ट चित्रातून कमी करत गेले. आधी माणूस गेला, मग वस्तू गेली, शेवटी रंग आणि उजेड उरला. कॅनव्हासवर रोलरनं रंगाचा थर द्यायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा, पुन्हा पातळ थर चढवायचा. फाडलेल्या कागदाचे तुकडे रंगवून कॅनव्हासवर दाबायचे आणि त्यांचे ठसे उचलायचे. एक चित्र पुरं व्हायला महिने लागत. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं, बस. हात चालवण्यापेक्षा बसून विचार करण्यात त्यांचा वेळ जास्त जाई.

आणखी एक. पहिल्यांदा कोण करतं, याला कलेत फार मोल आहे. रशियात काझिमिर मालेविचनं १९१५ साली पांढऱ्या चौकटीत एक काळा चौकोन रंगवून प्रदर्शनात टांगला. तो चौकोन आज तुम्ही-मी पट्टी लावून दहा मिनिटांत काढू. पण चित्रात काहीही न दाखवता चित्र उभं राहू शकतं, हे १९१५ मध्ये बोलून दाखवायला छाती लागत होती. आज काढलेला चौकोन त्याची नक्कल ठरतो.

दोन दिवसांत काढलेल्या चित्राला लाखो रुपये कसे? मेहनतीचा काही हिशेब असतो की नाही?

याच प्रश्नावर लंडनमध्ये १८७८ साली खटला चालला आहे. व्हिस्लर नावाच्या चित्रकारानं रात्रीच्या आकाशातल्या आतषबाजीचं एक धूसर चित्र २०० गिनींना विकायला ठेवलं. जॉन रस्किन या बड्या समीक्षकानं लिहिलं की हा माणूस लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकून वर पैसे मागतो आहे. व्हिस्लरनं अब्रूनुकसानीचा दावा लावला. वकिलानं विचारलं, दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे? व्हिस्लरचं उत्तर होतं: नाही, आयुष्यभर कमावलेल्या जाणकारीचे. खटला तो जिंकला, पण भरपाई म्हणून हातात एक फार्दिंग पडली, म्हणजे तेव्हाचं सगळ्यांत लहान नाणं. पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं.

मला हे उत्तर पटतं. इतवारीतला जुना सराफ दागिना नुसता हातावर तोलून बरंच काही सांगतो. त्या अर्ध्या मिनिटाचे पैसे आपण देत नसतो.

पण चित्र ओळखू येईल असं काढायला काय हरकत आहे?

काहीच हरकत नाही. मी स्वतः क्लासमध्ये स्थिरचित्र आणि निसर्गचित्र शिकवतो आणि ते मन लावून शिकवतो.

मात्र १८३९ मध्ये फ्रान्समध्ये छायाचित्रणाचं तंत्र जाहीर झालं आणि चित्रकाराचं एक जुनं काम यंत्राकडं गेलं. राजाचा चेहरा, घराण्याची आठवण, दूरच्या देशाचं दृश्य हे सगळं कॅमेरा करू लागला. मग चित्रकारांनी स्वतःला विचारलं, कॅमेऱ्याला जमत नाही असं आपल्याकडं काय आहे? कुणी बदलत्या उजेडामागं गेलं, कुणी एकच वस्तू चार बाजूंनी एकाच वेळी दाखवली, कुणी वस्तूच सोडून दिली. विचित्र दिसणारी बहुतेक चित्रं या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

आणि चित्रकाराला सरळ चित्र येत नाही म्हणून तो वाकडं काढतो, हा समज कृपा करून सोडा. पिकासोनं पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १८९७ मध्ये, आजारी बाईच्या खाटेशी बसलेल्या डॉक्टरचं मोठं चित्र काढलं होतं. ते पाहिलं की त्याच्या हाताबद्दल शंका उरत नाही.

मग किंमत ठरते तरी कशी?

कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा लिलाव पाहिला असेल तर अर्धी गोष्ट तुम्हाला आधीच ठाऊक आहे. ढेरी समोर असते, माल सगळे डोळ्यांनी बघतात, बोली चढते. आंबिया बहार जोरात असला की भाव पडतो, माल कमी आला की चढतो. आज नाही घेतलं तर उद्या पुन्हा गाड्या येतात.

गायतोंडेंच्या गाड्या येणं बंद झालं आहे. १९८४ मधल्या अपघातानंतर त्यांना मोठ्या आकाराची चित्रं करणं बराच काळ जमलं नाही. २००१ साली ते गेले. आयुष्यभरात मुळात थोडी चित्रं केली, त्यातली बरीच संग्रहालयांत आणि संस्थांमध्ये आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही गायतोंडे आहेत. ती चित्रं बाजारात येणार नाहीत. उरली ती मोजक्या घरांत. त्यातलं एखादं चांगलं चित्र विक्रीला आलं की ज्यांना ते हवं आहे त्यांना पुढची संधी कधी मिळेल याची खात्री नसते. आणि लिलावाला असे दोनच लोक पुरतात. खोलीतल्या बाकी सगळ्यांनी हात खाली घेतले तरी दोघांची जिद्द किंमत कुठल्या कुठं नेते. ६७ कोटी ही देशानं ठरवलेली किंमत नाही. एकानं दिली, आणि त्याच्या मागचा दुसरा जवळजवळ तिथपर्यंत यायला तयार होता, एवढाच तिचा अर्थ.

दुसरी गोष्ट विश्वासाची. संत्रं चाखून बघता येतं. चित्राच्या बाबतीत ते खरं कशावरून, हे कागदपत्रांनी ठरतं: चित्रकाराकडून पहिल्यांदा कुणी घेतलं, मग कुणाकडं गेलं, कुठल्या प्रदर्शनात लागलं, कुठल्या पुस्तकात छापलं. ही साखळी अखंड असेल तर किंमत वाढते. मधली एक कडी गायब असेल तर तेच चित्र निम्म्यालाही जात नाही. त्याच चित्रकाराचं कोणतं वर्ष, केवढा आकार, रंगाला तडे गेले आहेत का, मागं डागडुजी झाली आहे का, हे सगळं त्यात येतं.

तिसरी गोष्ट मोठ्या संस्थांच्या शिक्क्याची. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं गायतोंडेंचं मोठं पुनरावलोकन प्रदर्शन भरवलं. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१३ मध्ये, मुंबईत त्यांचं १९७९ चं चित्र २३.७ कोटींना गेलं होतं. नंतरचे टप्पे बघा: २०१५ मध्ये २९.३ कोटी, २०२१ मध्ये ३९.९८, २०२२ मध्ये ४२ आणि आता ६७.०८. जगातल्या एका मोठ्या संग्रहालयानं चार महिने भिंती मोकळ्या करून दिल्या की ज्याला रंगातलं काही कळत नाही असा पैसेवालाही निर्धास्त होतो. यात मला थोडं वाईट वाटतं, कारण चित्र तेच होतं. १९७० मध्येही तेच होतं.

चौथं कारण साधं आहे. देशात गेल्या पंचवीस वर्षांत काही लोकांकडं फार पैसा आला आहे. २००२ मध्ये तय्यब मेहतांचं एक चित्र दीड कोटीला गेलं तेव्हा ती मोठी बातमी होती. २०२५ मध्ये त्यांचाच एक बैल ६१.८ कोटींना गेला.

यातलं गायतोंडेंना काय मिळालं?

काही नाही. चित्रकार एकदा विकतो, त्याचे पैसे त्याला मिळतात. पुढच्या प्रत्येक विक्रीत नफा ज्याच्याकडं चित्र असतं त्याचा. गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनला एका लहान जागेत एकटे राहिले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, पण मरण आलं ते फारसं कुणाच्या लक्षात न येता.

अमेरिकेतही हेच. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये एका संग्राहकानं रॉबर्ट रॉशेनबर्गचं, स्वतः ९०० डॉलरला घेतलेलं चित्र ८५ हजार डॉलरला विकलं. चित्रकार तिथं हजर होता आणि त्यानं त्या संग्राहकाला तोंडावर सुनावलं.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला त्यात वाटा मिळावा, जास्तीत जास्त दहा टक्के, असं ते सांगतं. व्यवहारात ते फारसं दिसत नाही. ते नीट अमलात यावं असं मला मनापासून वाटतं. नागपुरातली किती तरुण मुलं आज चार-पाच हजारांना चित्रं देऊन टाकतात, आणि तेव्हा तेच त्यांच्या घरभाड्याचे पैसे असतात.

एक वेगळं उदाहरणही सांगतो. हुसेन यांचं १९५४ सालचं 'ग्रामयात्रा' हे लांबलचक चित्र दिल्लीत कामाला आलेल्या एका परदेशी डॉक्टरनं घेतलं आणि पुढं ते नॉर्वेत ऑस्लोच्या रुग्णालयाला दिलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला त्याचे सुमारे ११८ कोटी आले. ते पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी जायचे होते.

चित्रकार रझाही नागपूरचेच का?

जन्मानं नाही, शिक्षणानं. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे. १९३९ ते १९४३ ही चार वर्षं ते नागपूरच्या कला विद्यालयात शिकले, मग जे. जे.ला गेले आणि १९५० मध्ये फ्रान्सला. लहानपणी शाळेत मन भरकटायचं तेव्हा मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडंच बघत बस म्हणाले, ही आठवण रझा सांगत. तोच पुढं त्यांच्या चित्रांतला बिंदू, म्हणजे मोठा काळा गोळा झाला. काळ्या गोळ्याला कोट्यवधी कसले, असं कुणी म्हटलं की मला ते मास्तर आठवतात. २०२३ मध्ये रझांचं एक चित्र ५१.७५ कोटींना गेलं.

हे सगळं काळा पैसा फिरवायला चाललं आहे, असं म्हणतात. खरं का?

काही ठिकाणी खरं आहे. चित्र सहज हलवता येतं, किंमत ठरलेली नसते, घेणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा गुप्त राहतं. अशा मालाकडं वाकडी वाट शोधणारे वळणारच. मार्च २०१९ मध्ये आयकर खात्यानं नीरव मोदीच्या संग्रहातली चित्रं लिलावात काढली. त्यात गायतोंडेंचं १९७३ चं एक चित्र २५.२४ कोटींना गेलं.

पण नीट बघा. सरकारनं उघडपणे, थकबाकी वसूल करायला तेच चित्र विकलं आणि खुल्या बाजारात त्याला तेवढे पैसे आले. सगळी किंमत काळ्या पैशानं फुगवलेली असती तर त्या दिवशी ती बसली असती. गैरव्यवहार जमिनीत होतात, सोन्यात होतात. त्यावरून जमीन बिनमोलाची ठरत नाही.

भिंतीला टेपनं चिकटवलेलं केळं? त्याचं काय?

मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलावंतानं ते २०१९ मध्ये मायामीत मांडलं, तेव्हाची किंमत १ लाख २० हजार डॉलर. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६२ लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्यानं केळं खाऊनही टाकलं. विकत मिळतं ते प्रमाणपत्र आणि ते कसं लावायचं याच्या सूचना. केळं बदलायचंच असतं.

त्यामागचा विचार मला समजतो. माझ्या आत मात्र त्यानं काही हलत नाही. ज्यांच्या आत हलतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. विनंती एवढीच, की केळ्याचा राग गायतोंडेंवर काढू नका.

महाग ते चांगलं, असं समजायचं का?

नाही.

गुंतवणूक म्हणून एखादं चित्र घ्यावं का?

घरात लावायला, रोज बघायला घ्या. नागपुरातल्या तरुण चित्रकाराचं चित्र दुचाकीपेक्षा कमी पैशात येतं. पैसे दुप्पट होतील म्हणून घेणार असाल तर थांबा. बातमी होते ती मोजक्या दहा-पंधरा नावांची. २००८ च्या मंदीत भारतीय चित्रांचे भाव कोसळले, आणि चित्रांत गुंतवणूक करण्यासाठी २००६ मध्ये निघालेला एक मोठा निधी २००९ मध्ये लोकांचे पैसे वेळेवर परत करू शकला नाही. सोनं मोडायचं म्हटलं तर सराफ्यात तासाभरात मोडतं. चित्राला गिऱ्हाईक मिळेपर्यंत वर्षं जातात. विकल्यावर भांडवली नफ्यावर करही भरावा लागतो, घरगुती सामान म्हणून सूट मिळत नाही.

नकली चित्रांचा धोका वेगळाच. २००९ साली दिल्लीत रझांच्या सुरुवातीच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. रझा स्वतः पाहायला गेले आणि भिंतीवरची बरीच चित्रं आपली नाहीतच, हे त्यांना तिथं उभं राहून सांगावं लागलं. न्यूयॉर्कची दीडशे वर्षांहून जुनी एक गॅलरी २०११ मध्ये बंद पडली. तिनं रॉथको आणि पोलॉक या बड्या चित्रकारांची म्हणून विकलेली चित्रं क्वीन्समधल्या एका गॅरेजमध्ये रंगवलेली होती. मुरलेले लोक फसले. तेव्हा 'आजोबांच्या काळातला हुसेन आहे' असं सांगत कुणी दारात आला तर कागद बघितल्याशिवाय चहासुद्धा पाजू नका.

समोर उभं राहिल्यावर बघायचं काय? मला काहीच दिसत नाही.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला तोच सगळ्यांत आवडतो. किमतीचं कुतूहल बहुतेकदा इथूनच निघतं. काही दिसलं नाही, की माणूस पाटीवरचा आकडा वाचू लागतो.

पहिल्यांदा गायतोंडेंचं मूळ चित्र मी मुंबईत पाहिलं तेव्हा मी शिक्षक होऊन सहा-सात वर्षं झाली होती. पहिली पाच मिनिटं मलाही एक हिरवट-राखी भिंत दिसली. पाय दुखत होते म्हणून समोरच्या बाकावर बसलो. हळूहळू त्या राखाडीच्या आत दुसरा रंग आहे हे कळलं, मग त्याच्याही मागं उजेड. फुटाळा तलावावर दिवस मावळल्यावर बसलात तर काही वेळानं पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं ते सांगता येत नाही, तरी नजर हटत नाही. तसं काहीतरी. वीस मिनिटांनी उठलो तेव्हा मघाशी दिसलेली भिंत पुन्हा दिसेना.

तेव्हा चार गोष्टी करून बघा. मोबाइल खिशात ठेवा. थरांची पारदर्शकता फोटोत येतच नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र हे त्या चित्राबद्दलचं मत बनवायला निरुपयोगी आहे. "हे कशाचं आहे?" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. राग भूप ऐकताना आपण विचारत नाही की हा कशाचा आवाज आहे. जवळ जाऊन रंग कुठं खरवडला, कुठं दाबला ते शोधा, मग पाच पावलं मागं या. आणि बसा. बसून झाल्यावरही आवडलं नाही, तर नाही आवडलं. तसं मोकळेपणानं म्हणा. पुढच्या चित्राकडं जा.

नागपुरात हे पाहायला कुठं मिळेल?

डोळ्यांना सवय लावायला सिव्हिल लाइन्समधलं अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शनं लागतात, चिटणवीस सेंटरमध्येही लागतात. शासकीय चित्रकला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन तर चुकवूच नका. तिथं मुलं स्वतः चित्राशेजारी उभी असतात, त्यांना विचारा.

गायतोंडे बघायचे तर मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि समोरचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, दोन्ही एकाच चौकात आहेत. त्यांचं चित्र त्या दिवशी भिंतीवर लावलेलं आहे की नाही हे आधी फोन करून विचारा. नागपूरहून रात्रीच्या दुरांतोनं निघालात तर सकाळी पोहोचता. फक्त रविवारी रात्री निघू नका. सोमवारी राष्ट्रीय संग्रहालय बंद असतं.